उजनीचा नावाडी

सातवीत शाळा सोडलेला मी नांदेडहून दौंडला गाडी चालवायला आलो. पहिलंच गिऱ्हाईक उजनी धरणावरचे रोहित पक्षी बघायला निघालेलं. साहेब नाराज झाले तर मालक मला काढणार होता.

होडीत साहेबांनी हातभर कॅमेरा रोखला. "मामा, टाळ्या वाजवा. पक्षी उडताना पाहिजेत."

नावाड्यानं बांबू गाळात रोवला. "जेवत्यात ती. ह्या पाण्याखाली आमचं गाव हाय, साहेब. आम्हाला उठवलं तेवढं बास. आता हितनं कुणाला उठवायचं न्हाई."

गेली माझी नोकरी, मला वाटलं. साहेब मात्र खूश! "व्वा! पुन्हा बोला, व्हिडिओ करतो."

नावाड्यानं माझ्या घाबरलेल्या तोंडाकडं बघितलं, टोपी नीट केली आणि सगळं पुन्हा बोलला. साहेबांना हात वर केलेला हवा होता, म्हणून तिसऱ्यांदाही.

पक्षी जेवत राहिले. माझी नोकरीही राहिली.