मागचं टायर

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पावसानं दुसऱ्या वर्षीही दगा दिला होता. आमची फुटबॉलची पहिलीच जिल्हा टीम. नव्या जिल्ह्याची सगळी इज्जत एका फॉरवर्डच्या बुटांवर टाकून आम्ही मोकळे झालो होतो. त्यानं गोलपाशीच थांबावं की मागं येऊन बॉल घ्यावा, यावर मैदानाबाहेरच्या पंक्चरवाल्यापाशी रोज संध्याकाळी भांडणं व्हायची. त्या पंक्चरवाल्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही.

पंक्चर शोधायला घमेल्यात पाणी नसायचं. मग तो फुगवलेली ट्यूब गालाजवळून हळूहळू फिरवायचा, डोळे मिटून. हवा गालाला लागली की तिथं बोट ठेवायचा.

सेमीफायनलला शेवटच्या मिनिटात मोकळा गोल समोर असताना फॉरवर्डचे पाय अडखळले आणि आम्ही हरलो.

"दुसऱ्या हाफात मरतंयच ते," आमच्यातला एक म्हणाला.

"डोक्यात हवा गेलीय," दुसरा म्हणाला.

पंक्चरवाल्यानं पहिल्यांदाच मान वर केली.

"तुम्ही त्याचे पाय बघायलाव. मी त्याच्या सायकलीचं मागचं टायर बघतो. दर आठ दिवसाला ठिगळ मागतंय. पहाटंपासून लांबच्या विहिरीवरून घागरी वाहतंय ते. आज बी वाहिल्या."

त्यानं पुन्हा ट्यूब गालाशी धरली.

"तरी पण गोल मोकळा होता," कुणीतरी म्हणालं.

ते मीच म्हणालो होतो. आमच्या अंगणातल्या बोअरला तेव्हा पाणी होतं.