नजीरचा चौथा राउंड

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी रद्दी होते. न छापलेल्या मात्र वहीत साचत जातात. सौदीत पत्रकारिता करून माझे केस पिकले. त्यातल्या निम्म्या वह्या एकट्या नजीरच्या!

नजीर रत्नागिरीचा. राबिघच्या रिफायनरीत स्कॅफोल्डिंग बांधायचा आणि हौशी बॉक्सिंग खेळायचा. त्याने सुवर्णपदक जिंकलं तेव्हा आमच्या मुंबईच्या डेस्कने चार ओळी छापल्या. त्याच पानावर एका परदेशी बॉक्सरच्या नव्या गॉगलला मोठा फोटो! मी फोन करून विचारलं, "गॉगलने कुणाला पाडलं?"

* * *

नजीरने व्यावसायिक व्हायचं ठरवलं. जेद्दाचा प्रमोटर म्हणाला, "हौशी पदकं इथे चालत नाहीत. पहिली लढत जिंकलास तर तुझा इकामा, इथे राहायचा परवाना, माझ्याकडे ट्रान्सफर करून घेतो. हरलास तर परत स्कॅफोल्डिंग!"

मी उसळलो. "पदकं काय लॉटरीत लागली त्याला?"

नजीरने मला खाली बसवलं. "काका, ठोसे मी मारायचेत ना?"

* * *

पोस्टरवर उघड्या अंगाचा नजीर! गावाहून आईचा फोन आला. "गंजी खंय हाय तुझी?"

"अम्मी, प्रोफेशनलमध्ये गंजी नसते."

"मग अमॅच्युअरच बरा होतास. अंग झाकून तरी होतास!"

* * *

रजेच्या अर्जावर सेफ्टी ऑफिसर जोशी अडून बसले. हे नाशिकचे. "हेडगार्ड नाही? मग आधी रिस्क असेसमेंट फॉर्म भर!"

नजीरने भरला. धोका: समोरचा माणूस. उपाय: आधी आपण मारणे.

जोशींनी सही केली!

* * *

आणि ती लढत. हौशी बॉक्सिंग तीन राउंडचं. तिसरा राउंड संपला की पलीकडच्या कोचशी हात मिळवायचा, ही नजीरची वर्षानुवर्षांची सवय. ही लढत चार राउंडची होती. तीन राउंड अटीतटीचे झाले, घंटा वाजली आणि नजीर सरळ समोरच्या इजिप्शियन कोचपुढे हात करून उभा!

"यल्ला, जागेवर जा! अजून एक राउंड आहे!"

हॉल खदाखदा हसला. माझ्या शेजारचा जरा जास्तच हसला. त्याला मी चार शब्द सुनावले.

चौथा राउंड सुरू झाला. नजीरचा एकच उजवा ठोसा. समोरचा आडवा. रेफ्रीने दहा मोजले.

नजीर पुन्हा त्याच कोचकडे गेला. या वेळी हात मागेच ठेवून अदबीने विचारलं, "उस्ताद, अजून आहे का एखादा?"

"मला काय विचारतोस? त्याला विचार!"

त्याने पडल्या पडल्याच ग्लोव्ह हलवला. "खलास, भाई! खलास!"