केळ्याचं बूच

समुद्र आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता, पण घरात त्याचं नाव फारसं चांगल्या अर्थानं घेतलं जात नसे. आगाशीहून अर्नाळ्याला जाणाऱ्या रस्त्यालगत आमची वाडी. केळी, पानवेल, कडेनं नारळ आणि पोफळी, मधोमध रहाटाची विहीर. विहिरीचं पाणी गोड होतं आणि ते गोड राहावं एवढीच माझ्या वडिलांची या जगाकडून अपेक्षा होती. सकाळ-संध्याकाळ ते विहिरीजवळच्या दगडी डोणीतलं, म्हणजे उपसलेलं पाणी साठवायच्या कुंडीतलं, पाणी ओंजळीत घेत, जिभेवर घोळवत आणि मान हलवून गिळत. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं पाणी तेव्हा मचूळ लागू लागलं होतं. बाबांच्या मते समुद्र म्हणजे रोज थोडा थोडा बांध कोरणारा शेजारी. त्याच्याशी बोलणं नको, आणि त्याच्याकडे मजेसाठी जाणं तर मुळीच नको.

आईला मात्र लग्न होऊन आल्यापासून एक हौस होती. समुद्रावरून आपली वाडी कशी दिसते ते तिला बघायचं होतं. बाबांपाशी तिनं हे एकदाच काढलं. वाडीत उभं राहिलं की वाडी दिसते, तेवढी पुरे, असं ते म्हणाले. आई पुन्हा बोलली नाही, पण विसरलीही नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मुंबईत एका कचेरीत कारकून होतो. कचेरीतल्या तिघा मित्रांनी मिळून एक जुनी वल्ह्यांची होडी घेतली होती, निव्वळ रविवारच्या मौजेसाठी. पांढरी, काठाला निळा पट्टा. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली ती उपडी घातलेली असे. आपल्याला होडी चालवता येते असा माझा समज होता. त्याला आधार इतकाच की लहानपणी आमच्या बावखलात, म्हणजे वाडीच्या पाण्यासाठी खणलेल्या तळ्यात, मी केळीच्या खुंटांचा तराफा करून फिरत असे. बावखलाला चारी बाजूंनी काठ असतो आणि त्यातलं पाणी दिवसातून दोनदा कुठे निघून जात नाही, हा फरक माझ्या ध्यानात यायला हवा होता.

एका रविवारी बाबा बैलगाडी घेऊन चंदनसारला पेंढा आणायला गेले. येईपर्यंत संध्याकाळ होणार होती. मी आईला म्हटलं, चल. तिनं एका शब्दानंही नको म्हटलं नाही, उलट आपण निर्मळला मावशीकडे चाललो आहोत असं शेजारी आधी सांगून आली. खोटं पुरं वठावं म्हणून मावशीसाठी कच्च्या केळ्यांची एक फणीही पिशवीत घातली. मी विचारलं, होडीत केळी कशाला? म्हणाली, मावशीकडे कोणी रिकाम्या हातानं जातं का?

सुरुवात छान झाली. आई होडीच्या मधल्या फळीवर मांडी घालून बसली होती, पाटावर बसावी तशी. किनारा मागे गेला तशी ती मान वळवून आमची वाडी शोधू लागली. मी बोट दाखवलं ते चुकीच्या दिशेला निघालं, कारण समुद्रावरून सगळ्यांच्या वाड्या सारख्याच दिसतात: झाडांच्या शेंड्यांची एक हिरवी रेघ. शेवटी तिनंच देवळाच्या कळसावरून अंदाज बांधला आणि त्या रेघेचा एक तुकडा आमचा म्हणून नक्की केला. बराच वेळ ती बघत राहिली.

"एवढीशीच?" ती म्हणाली. "आणि मी हिच्यात इतकी वर्षं दमले?"

त्या बघण्याच्या नादात ओहोटी लागली होती हे मला कळलं नाही. परत फिरलो तेव्हा होडी एका जागी घासली, मग अडकली, आणि थोड्या वेळानं आम्ही वाळूच्या पुळणीवर होतो. एका बाजूला किनारा, मध्ये खोल धार, आणि आम्ही कोरड्यात. मी उतरून ढकलून पाहिलं. आईनं विचारलं, गाळात गाडी रुतली तर तुझे बाबा बैल जुंपतात, इथे काय जुंपणार?

धारेतून मासेमारीची एक होडी चालली होती. तीत एक म्हातारा आणि त्याची म्हातारी. समुद्राच्या मधोमध वाळूवर होडीत मांडी घालून बसलेली लुगड्यातली बाई त्यांनी बहुधा प्रथमच पाहिली असावी. म्हातारीनं हात उंचावून विचारलं, "काय गो बाय, सासरी चाललीस का माहेरी?"

"अजून ठरत नाही," आई म्हणाली.

म्हाताऱ्यानं आईला किनाऱ्यावर सोडायची तयारी दाखवली. मी हो म्हणणार होतो, पण आईनं विचारलं, होडी कुठे लागणार? बंदरावर, म्हातारा म्हणाला. बंदरावरचे निम्मे लोक बाबांना ओळखत. आईनं हात जोडून नको म्हटलं. "मंग बसा," म्हातारा म्हणाला, "पानी आलं का होडी आपसूक उठंल." आणि ते दोघे हसत हसत गेले.

आम्ही बसलो. वाटेत उडालेलं पाणी होडीच्या तळाशी साचलं होतं आणि आईच्या लुगड्याचा लोंबणारा काठ त्यात भिजत होता. होडीच्या तळाला एक भोक होतं, त्याला लाकडी बूच. आमच्याकडे वाफ्यात पाणी तुंबलं की कडा फोडून द्यायची, हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक. मी बूच काढलं. पाणी झरझर वाळूत गेलं. मला फार समाधान वाटलं. बूच मी होडीच्या बाजूला वाळूवर ठेवलं आणि आईला कचेरीतल्या गमती सांगत बसलो.

पाणी परत आलं ते गुपचूप. वाळू ओली झाली, मग चमकली, मग दिसेनाशी झाली. होडी हलली तेव्हा मी आनंदानं वल्ही उचलली, आणि त्याच वेळी तळाच्या भोकातून बोटभर जाड कारंजं उडालं. बूच ठेवलं होतं तिथं आता गुडघाभर पाणी होतं. बूच तरंगत कुठे गेलं देव जाणे.

मी भोकावर तळहात दाबला. पण हात तिथं ठेवला तर वल्ही कोण मारणार? हात काढला की पाणी येई. आईला पोहता येत नव्हतं. आपण आपल्या आईला मारायला आणलं आहे हे मला तेव्हा इतकं स्वच्छ कळलं की मी काहीतरी बोलू लागलो, बहुतेक क्षमा मागत असेन.

"ते मागाहून माग," आई म्हणाली. "भोक केवढं आहे?"

मी अंगठा दाखवला. तिनं फणीतलं कडेचं एक कोवळं, बारीक केळं तोडलं, माझा रुमाल त्याला गुंडाळला, भोकात पिळून बसवलं आणि वर टाच रोवली. पाणी थांबलं. अगदी थांबलं नाही, पण झिरपण्यावर आलं.

"आता वल्ही मार," ती म्हणाली. "हे केळं पिकायच्या आत किनारा आला म्हणजे झालं."

मी आयुष्यात कधी तसं वल्हवलं नव्हतं. आई टाच न हलवता बसली होती आणि मी डावीकडे भरकटलो की फक्त हनुवटीनं उजवीकडे दाखवत होती. किनाऱ्याला लागलो तेव्हा लुगडं कमरेपर्यंत चिंब झालं होतं. उतरताना तिनं ते केळं काढून घेतलं. घरचं आहे, टाकायचं कशाला, म्हणाली.

घरी पोचल्यावर तिनं घाईनं लुगडं बदललं. पाणी उपसत बसायला वेळ नव्हता, म्हणून खारं लुगडं तिनं डोणीतच बुचकळलं, पिळलं आणि मला सांगितलं, डोणीचं बूच काढ, सगळं पाणी जाऊ दे. ती लुगडं घेऊन मागच्या दोरीकडे गेली. मी होतो भेदरलेला. पिशवी लपवायची होती, चपलांची वाळू झटकायची होती. तेवढ्यात रस्त्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. काढायचं नव्हतं ते बूच मी दुपारी काढलं, आणि काढायचं होतं ते राहून गेलं.

बाबांनी बैल सोडले, हातपाय झाडले आणि नेहमीसारखे डोणीशी वाकले. ओंजळ तोंडाला लावली. मी ओट्यावर होतो. त्यांनी ते पाणी गिळलं नाही, थुंकलंही नाही. बऱ्याच वेळानं ते बाजूला सोडलं आणि विहिरीच्या कठड्यावर बसले. मग पोहरा उचलला. विहिरीचं पाणी चाखून बघायचं असणार. पण पोहरा मांडीवर घेऊन ते तसेच बसून राहिले. तो खाली सोडायचं त्यांना धाडस होईना.

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य तयारही होतं. पण बोललो तर आईचं पितळ उघडं पडेल, असं मी मनाला सांगत होतो. खरं म्हणजे माझंच उघडं पडणार होतं. बाबा एकदा केळींकडे बघत, एकदा पोहऱ्याकडे. माझे वडील माझ्यासमोर एका क्षणात म्हातारे होत होते आणि मी चपलांची वाळू झटकत होतो.

चहा निवतोय म्हणून आई बाहेर आली. तिनं डोणी पाहिली, त्यांना पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि सरळ त्यांच्यापाशी जाऊन म्हणाली,

"अहो, समुद्र विहिरीत आलेला नाही. मी समुद्रात गेले होते."

बाबांना ते कळायला थोडा वेळ लागला. आईनं सगळं सांगितलं, पुळण, म्हातारी, केळं, काही न लपवता. फक्त बूच कोणी काढलं ते सांगताना ती थांबली, मग तेही सांगितलं. आता घर डोक्यावर घेतील, म्हणून मी खाली बघत उभा राहिलो. बाबांनी पोहरा विहिरीत सोडला, वर काढला, घोटभर पाणी जिभेवर घोळवलं आणि गिळलं.

"कशी दिसते वाडी?" त्यांनी विचारलं.

"एवढीशी," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या फणीची भाजी केली, ते एक केळंही त्यातच. बाबा जेवताना म्हणाले की मीठ बेतानं घातलेलं दिसतंय. माझ्याशी ते आठवडाभर जपून बोलत होते. मी क्षमा मागायला तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा आईनं मला काहीतरी आणायला पिटाळलं. पुढे घरात कोणाचं काही चुकलं तरी विचारलं जाई, बूच कोणी काढलं?

काही वर्षं गेली. आजूबाजूच्या वाड्यांतून रहाट जाऊन इंजिनं आली आणि दिवसभर पाणी उपसलं जाऊ लागलं, तशा आणखी विहिरी मचूळ होत गेल्या. एका उन्हाळ्यात मी सुट्टीवर घरी होतो. संध्याकाळी बाबांनी डोणीतलं पाणी ओंजळीत घेतलं, जिभेवर घोळवलं आणि हळूच बाजूला सोडलं. आई दारात उभी होती. तिनं कित्येक दिवसांत वाडी सोडली नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं.

"आज पुन्हा गेली होतीस का?" त्यांनी विचारलं.

आईनं डोणीकडे पाहिलं. मग माझ्याकडे हनुवटी करून म्हणाली, "हो. आणि याला डोणीचं बूच काढायला सांगितलं होतं."

मी मुकाट्यानं गेलो आणि बूच काढलं. डोणी रिकामी होईपर्यंत आम्ही तिघं तिथं उभे होतो. पोहऱ्याला कोणीच हात लावला नाही.