घसरगुंडीवरून जिन्याने खाली

सोलापूर सोडून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं, की नांगरून ठेवलेल्या काळ्या रानात एकदम एक हिरवी मगर दिसते. सिमेंटची, दुमजली घराएवढी आणि तोंड उघडं टाकून बसलेली. त्या तोंडातून माणसं आत जातात. नुसती जात नाहीत, त्यासाठी उन्हात रांग लावतात. मे महिन्यातल्या एका रविवारी मीही त्या रांगेत उभी होते.

मला तिथे नेणारे चौघे होते. माझा धाकटा भाऊ शिरीष, त्याची बायको मेघा, आणि त्यांची दोन मुलं, सात वर्षांची सई आणि चार वर्षांचा अर्णव. ते शहराच्या जुळे सोलापूर या भागात राहतात, मी शेजारच्याच इमारतीत. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे, म्हणजे छापायच्या आधी मजकुरातल्या चुका शोधणारी बाई. लग्नपत्रिकेपासून शालेय गाईडांपर्यंत सगळं माझ्या लाल पेनाखालून जातं. अशा माणसाने करमणुकीच्या बागेत जाऊ नये. पण सईने अट घातली होती, "आत्या आली तरच मी येणार." अशी अट आपल्यासाठी कोणी घातली की डोकं चालत नाही.

मगरीच्या जिभेवर हिरवा गालिचा होता आणि गालिच्यावर एक पहारेकरी. त्याने मेघाची पिशवी उघडून डबा बाहेर काढला. धपाटे, शेंगाचटणी, दही.

"भायेरचं खाणं आत न्हाय न्यायचं, म्याडम."

"हे बाहेरचं नाही, घरचं आहे," मी म्हणाले.

"घरचं म्हंजेच भायेरचं की," तो म्हणाला.

या उत्तरात चूक काढता आली नाही, याचा मला पुढे अर्धा तास राग येत राहिला.

आत गेल्यावर आधी जिराफ भेटला. त्याची मान बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी प्राण्यासाठी केलेली असावी. शेजारी बदामाच्या आकाराची लोखंडी चौकट होती, तिच्यात उभं राहून नवराबायको फोटो काढून घेत होते, आणि प्रत्येक जोडी फोटोपुरतीच हसत होती. कर्ण्यांवर गाणं चालू होतं. ते संपलं की तेच परत लागत होतं. फलकांविषयी मी फार लिहीत नाही. 'सुचना', 'वस्तुंची', 'राहिल' एवढं एका पाटीवर होतं, आणि खाली 'पाण्यात थुंकु नये' अशी विनंती. ज्या तळ्याकाठी ती लावली होती त्यातलं पाणी बघता विनंती कोणी वाचलेली दिसली नाही.

पाण्यात उतरायचं तर नायलॉनचे कपडे सक्तीचे होते. नसतील तर तिथे भाड्याने मिळत, आधीच्या माणसाच्या अंगचे, ओलेच. शिरीषने घरूनच नारळाची झाडं छापलेली अर्धी चड्डी आणली होती. वर्षभर टाय लावून कचेरीत बसणारा माझा भाऊ त्या चड्डीत पोट पुढे काढून चालायला लागला, तेव्हा मला आमच्या आईवडिलांची आठवण झाली आणि ते आता नाहीत याचं जरा बरं वाटलं. मी सुती साडीतच राहिले. छत्रीखाली, पिशव्यांची राखण करत.

सई माझ्या शेजारी येऊन बसली. तिने गुलाबी कपडे घातले होते, पण ते कोरडे होते.

"आत्या, ते काका मान हलवत कसे चालतात बघ."

मी त्या काकांसारखी मान हलवून दाखवली. ती खिदळली. मग मी फोटो काढणारी बाई केली, भिजलेल्या केसांतून कंगवा ओढणारा तरुण केला. आमच्या घरी हे माझं कामच आहे. कुठल्याही लग्नाहून, बारशाहून परत आलं की जेवताना मी सगळ्या पाहुण्यांच्या नकला करते आणि सर्वांत जास्त सई हसते.

छोटी आगगाडी आली, तेव्हा मेघाने तिला बोलावलं. सई म्हणाली, "नको. फालतू आहे." धडकणाऱ्या मोटारी? "फालतू." पाळण्याची होडी? त्यावर तिने नुसती मान उडवली, थेट माझ्यासारखी. मला अभिमान वाटला. मी मेघाला म्हणाले, "पोरीला पारख आहे हो."

मेघा अर्णवला पुसत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, तिने सकाळपासून एकाही गोष्टीत पाय ठेवलेला नाही."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

दुपारी आतल्या उपाहारगृहात मंचुरियन नावाचे लाल गोळे मिळत होते. ते बघून सगळ्यांनी एकमताने मगरीच्या तोंडातून बाहेर येऊन पहारेकऱ्याकडचा डबा मागून घेतला. कडुनिंबाखाली बसून धपाटे खाल्ले. आमच्यासारखी आणखी चार कुटुंबं तिथेच जेवत होती. सकाळी अक्कलकोटला स्वामींचं दर्शन घेऊन परतताना मुलांच्या हट्टासाठी ती इथे उतरली होती. एका कुटुंबात आजी कानडीत रागवत होती आणि नातवंडं मराठीत उत्तरं देत होती. आजीने आम्हाला शेंगाची पोळी दिली. त्या दिवसातली एवढी एक गोष्ट मी नावं न ठेवता खाल्ली.

जेवणानंतर शिरीषला जोर आला. बागेच्या मध्यभागी एक पिवळी घसरगुंडी होती, नळीसारखी, वळसे घेत खाली येणारी. वर जायला लोखंडी जिना. "चल सई," तो म्हणाला. "एकदा बसून तर बघ. मग म्हण फालतू." तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात डोकं घातलं होतं. तो तिचा हात धरून तिला घेऊन गेला.

पुढचं मला खालून दिसलं. वर पोचल्यावर कळलं की एका वेळी एकालाच सोडतात. माझ्या भावाने विचार केला, आपण आधी जाऊ आणि खाली तिला झेलू. दोन मुलांच्या बापाने हा विचार केला. तो आरडाओरडा करत नळीतून खाली आला, पाण्यात आपटला, उठून हात पसरून उभा राहिला. सई आली नाही.

"ये सई! मी आहे ना इथे!"

जिन्यावर रांग थांबली. शिट्टी वाजली. शिरीष वर जाऊ बघत होता, पण रांगेने त्याला मधे घुसू दिलं नाही, लोकांना वाटलं असावं तो फुकट दुसरी फेरी मारतोय. खाली जमलेल्या बाप्यांनी मग एक-दोन-तीन म्हणायला सुरुवात केली. तीन झाले की परत एक. एकाने मोबाईल वर धरला. पोर कोण, कुणाची, काही माहीत नाही, पण ती घाबरल्याचं चित्रण मात्र यांना हवं होतं. मी उठले.

जिन्याच्या पायथ्याचा माणूस आडवा आला. "कॉस्चूमशिवाय वर न्हाय जाता येत."

"मला घसरायचं नाही. माझी भाची वर अडकलीय."

"सगळे असंच म्हंतेत की."

मी पदर खोचला आणि त्याच्या हाताखालून गेले. मागून शिट्टी ऐकू आली. जिना अरुंद होता, ओला होता आणि माणसांनी भरला होता. मधल्या टप्प्यावर जेवताना भेटलेली आजी, लुगड्यावरच भाड्याचे कपडे चढवून, नातवांना घेऊन उभी होती. तिने मला बघितलं, वर बघितलं आणि सगळं समजून मोठ्याने ओरडली, "सरीरी, सरीरी!" (बाजूला व्हा.) लोक सरकले.

वर सई कठड्याला पाठ लावून उभी होती. दोन्ही हातांनी मागचा पाइप धरलेला, ओठ निळसर. छातीवर 'सुरक्षा' छापलेला एक जाडा माणूस तिला सांगत होता, "बस की पोरी, लोकं खोळंबलीत." आणि ती त्याला म्हणत होती, "मला नाही बसायचं. हे फालतू आहे."

"मग वर कशाला आली?" रांगेतलं कोणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

मी पुढे झाले. मला वाटलं होतं, मला बघून ती रडेल, धावत येऊन बिलगेल. तिने मला बघितलं आणि ती आणखी मागे सरकली.

"मी घाबरले नाहीये," ती घाईघाईने म्हणाली. "आत्या, खरंच नाही."

"बरं."

"तू हसशील."

"कोणाला?"

"मला. जेवताना करून दाखवशील."

खाली एक-दोन-तीन चालू होतं. त्या सगळ्या गर्दीत, बापाला, शिट्टीवाल्याला, मोबाईलवाल्याला सोडून ती पोर माझ्याकडे डोळे लावून होती. मी तोंड फिरवलं, तेव्हा नळीचं तोंड दिसलं. त्यातून पाणी भसाभस खाली जात होतं आणि पहिल्या वळणापुढे काही दिसत नव्हतं. मग कठड्यापलीकडे खाली पाहिलं. मी इतक्या उंचीवर कधी उभी राहिले नव्हते. छापखाना तळमजल्यावर आहे. मी मटकन त्या ओल्या फळीवर साडीसकट बसले.

"म्याडम, बसू नका हितं," जाडा माणूस म्हणाला.

"सई," मी म्हणाले, "माझे गुडघे बघ."

तिने बघितलं. पाइपवरचा एक हात सोडून तिने माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"हलतायत," ती म्हणाली.

"मला थांबवता येत नाहीयेत."

तिला ते पटेना. तिने दुसराही हात ठेवला, दाबून बघितलं, आणि मग माझ्या खांद्यात तोंड घालून एकदाची रडली.

जिन्याने खाली जायला परवानगी नव्हती. "वर आलं की घसरूनच जायाचं, रूल हाय," असं सांगून त्या माणसाने पाटी दाखवली. पाटीवर तीन शब्द चुकले होते. ते मी तसेच राहू दिले. मी त्याला एवढंच म्हणाले, "दादा, मला घसरता येणार नाही. मला चक्कर येतेय. मी इथे पडले तर तुम्हालाच निस्तरावं लागेल." त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि शिट्टी वाजवून जिना मोकळा करायला सांगितलं.

आम्ही उलट्या दिशेने उतरायला लागलो. प्रत्येक पायरीवर लोक कठड्याला चिकटून वाट देत होते आणि प्रत्येकाला काहीतरी बोलायचं होतं. "घाबरली व्हय पोरगी?" एकाने विचारलं.

सईने डोळे पुसले. "आत्याला भीती वाटली," ती म्हणाली. "मी तिला खाली सोडायला चाललेय."

लोक हसले. पुढच्या टप्प्यावर तिने तेच सांगितलं, आणखी मोठ्याने. भिजलेली साडी, खोचलेला पदर, एका हाताने कठडा धरून पाऊल चाचपणारी मी, आणि पुढे माझं बोट धरलेली ती. ज्यांना मी सकाळपासून छत्रीखालून जोखत होते, ती सगळी माणसं आता रांगेने उभी राहून मला बघत होती, आणि बघण्यासारखं होतंच. एका तरुणाने माझ्या चालण्याची नक्कल केली. चांगली केली, हे मला कबूल करावं लागेल. आजी मात्र हसली नाही. सईच्या डोक्यावरून हात फिरवून ती म्हणाली, "अंजबेडा." (घाबरू नकोस.) मग तोच हात तिने माझ्या दंडावर ठेवला.

खाली शिरीष आणि मेघा धावत आले. "काय झालं? सई, घाबरलीस का गं?" शिरीषने विचारलं.

सईने माझ्याकडे पाहिलं. आता ती काय सांगेल ते मी ऐकून घ्यायच्या तयारीत होते.

"आम्ही दोघी घाबरलो," ती म्हणाली.

त्यानंतर ती अर्णवच्या हौदात उतरली. घोटाभर पाणी, प्लॅस्टिकचं बदक, चार वर्षांच्या मुलांसाठी बांधलेला. सात वर्षांची मुलगी त्यात बसून दोन तास किंचाळत होती. मी काठावर पाय सोडून बसले. पाणी डोळ्यांना झोंबणारं होतं आणि बदकाला चोच नव्हती.

वाचकांनी तिथे जावं का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर नाही असंच आहे. ती जागा भिकार आहे. पाणी घाण, गाणं एक, मंचुरियन खाण्यालायक नाही, आणि घाबरलेल्या मुलांसाठी परतीचा जिना नाही. माझ्या गुडघ्यांमुळे यातलं काही बदललेलं नाही.

परतताना ऊन कलंडलं होतं. शिरीष गाडी चालवत होता, मेघा पुढे अर्णवला मांडीवर घेऊन बसली होती. मागे सई आणि मी.

"आत्या, तुला अजून कशाकशाची भीती वाटते?"

मी सांगायला लागले. पालीची. लिफ्टची. भूल देतात त्याची. घरी एकटी असताना दार वाजलं तर त्याची. आपल्या नजरेतून सुटलेली चूक छापून आल्यावर दिसेल, त्याची. सईने तिच्या भीती सांगितल्या. शाळेतल्या मोठ्या बाईंची, पोहण्याची, वर्गात उभं राहून वाचण्याची. शिरीषने टक्कल पडण्याची भीती सांगितली, ती उशिरा सुचलेली होती.

"आई, तुला?" सईने विचारलं.

मेघा अर्णवच्या केसांतलं पाणी टिपत होती. सोलापूरचे दिवे दिसायला लागले होते.

"मला तुझ्या आत्याची वाटायची," ती म्हणाली.

शिरीषने आरशातून माझ्याकडे पाहिलं. सई माझ्याकडे बघत होती.

"वाटायची, की वाटते?" मी विचारलं.

मेघाने मागे वळून पाहिलं. माझी साडी अजून ओली होती आणि केस कपाळाला चिकटले होते.

"बघू," ती म्हणाली.