आक्कांच्या हातचं कढण

आम्हा नवरा-बायकोला त्या तापातून उठवलं ते आमच्या घरमालकीण आक्कांनी, हे आधी सांगतो. काय झालं ते मागाहून. कारण आक्कांची गोष्ट निघाली की माणसं त्यांच्या रागालाच हसत बसतात आणि मुद्दा राहून जातो. उमरग्यावर तेव्हा निजामाचा अंमल होता म्हणतात. आमच्या गल्लीपुरता तो आक्कांचा होता. कोंबडा उशिरा आरवला म्हणून राग, लवकर आरवला म्हणून त्याहून राग. भांडण मराठीत सुरू व्हायचं आणि खरंच चिडल्या की कानडीत जायचं. कानडी कानावर आली की दारातला कल्हईवाला भाता गुंडाळून वाटेला लागायचा.

मी कोल्हापूरकडचा. चौथीत शाळा सुटली, हातात सुई आली, आणि मामाच्या ओळखीनं इतक्या लांब, कचेरीतल्या लोकांच्या शेरवान्या शिवायच्या दुकानात येऊन पडलो. नवं लग्न, परका मुलूख. अशात साथीच्या तापानं आधी मी आडवा झालो, पाठोपाठ बायको. मी निदान कण्हत तरी होतो. ती भिंतीकडं तोंड करून पडली. सगळं कडू लागतंय म्हणायची, मग तेही म्हणेना. वैद्यबुवांनी दारातूनच सांगितलं, पोटात काही गेलं तरच पोरगी राहील. गल्लीतल्या ज्या बायकांची पोलकी मी नुसत्या गोड शब्दांवर शिवून दिली होती, त्या आमच्या दारावरून तोंडाला पदर लावून जायच्या. अजून आठवलं की माझं डोकं तडकतं.

आक्का मात्र दार ढकलून आत आल्या. "मरायचं असंल तर दुसरीकडं जाऊन मर, दर्जी. माझ्या घरात न्हाय," म्हणाल्या आणि चूल पेटवली. दुधी, दोडका, गाजर, शेवग्याचा पाला, मूठभर मूग, आलं, मिरं. मडक्यात पडताना प्रत्येक भाजी एक शिवी घेऊन पडे. दुधी निबर, गाजर लाकूड, आणि माळी तर मुळातच बदमाश. सगळं शिजून गरगट झालं, तेव्हा गाळायला फडकं हवं होतं. त्यांनी माझ्या पेटीतून कचेरीतल्या पेशकारसाहेबांच्या, शिवायला आलेल्या कुडत्याची मलमल ओढली. मी अंथरुणातून हात जोडले.

"साहेबाला कुडतं दुसरं मिळंल. तुला अशी बायको मिळंल का?"

मलमल हिरवी झाली.

कढणाचं खरं दुखणं मिठाचं होतं. आक्का लिंगायत. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याखेरीज पाण्याचा थेंब जिभेवर घ्यायच्या नाहीत, आणि पूजा निवांत हवी म्हणून ती आमचं सगळं उरकल्यावर. म्हणजे चव बघायची सोयच नाही. मीठ अंदाजानं, आणि अंदाज रागावर चालायचा. गल्ली शांत असली तर कढण अळणी, कुणाशी जुंपली की खारट. मी मुकाट्यानं प्यायचो. बायकोला दोन्ही सारखंच. ओठ उघडून चमच्यानं घालावं, तर निम्मं गालावरून ओघळायचं. ते पुसताना आक्का मलाच झापायच्या.

एके दिवशी दुकानाचे मालक मलमलीची चौकशी करायला आले. आक्का पहिल्या शब्दापासून कानडीत. एका हातानं मालकांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, दुसऱ्यानं मडक्यात मीठ घालणं चालू, मुद्द्यागणिक एक चिमूट. मालकांना कानडी कळत नव्हती, तरी ते गेले. आक्का धुसफुसतच बायकोच्या उशाशी बसल्या आणि चमचा तिच्या तोंडाला लावला. तिनं तोंड वाकडं केलं.

"खारट हाय," ती म्हणाली.

आक्कांच्या हाताला नाव ठेवलेलं माणूस त्या गल्लीत नांदलेलं नव्हतं. आक्का ताडकन उठल्या.

"मला नाव ठेवायलीस? दातखीळ बसली होती तवा बरी होतीस..." आणि मधेच थांबल्या. खाली बसल्या. "काय म्हणलीस? परत म्हण."

"लई खारट हाय, आक्का."

आक्का वाटी ठेवून परसात गेल्या. बराच वेळ तिकडून कोंबड्यांना शिव्या ऐकू येत होत्या, पण आवाज नीट लागत नव्हता.

पुढं निजामाच्या मुलखात धामधुमीचे दिवस आले. आम्ही सरहद्द ओलांडून सोलापुरात आलो. आक्का निघाल्या नाहीत. चला म्हणणाऱ्यांवरच भडकल्या. आता तिकडून मोटारीनं येणारी माणसं सांगतात, आक्का थकल्या, नजर कमी झाली. भांडतात का, मी विचारतो. पहिल्यासारखं नाही, म्हणतात. ते ऐकल्यापासून मला झोप नाही. त्यांना मूल ना बाळ. त्या पडल्या तर उशाशी कोण बसणार? पदर लावून जाणारी ती गल्ली?

म्हणून आम्ही दोघं जाणार आहोत. त्या शिव्या देतील, हाकलतील. हाकलू देत. आक्का, तुमच्या उशाशी बसून हे फेडल्याशिवाय मी राहणार नाही.