तिसऱ्या खेपेची कॉर्ड

सन २०२३. मला बाहत्तरावं लागलं होतं, आणि माझ्या धाकट्या भावाच्या अंगावरून वारं जाऊन तीन महिने झाले होते. डावा हात मेला, डावा पाय मेला, वाचा गेली. समजायचं सगळं. उजवा हात शाबूत होता, पण गिटार वाजवणाऱ्याने नुसत्या उजव्या हाताचं काय करायचं?

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. मी तिसरी पास. सारा जन्म खाणीवर टिपर चालवला आणि गाणी रचली ती स्टिअरिंगवर. चौदा गाणी. चतुर्थीला, लग्नात, जत्रेच्या नाटकाआधी, पार पेडण्यापर्यंत ती गायलो. मी गायचो, भाऊ साथ करायचा. गिटार तो एका पोदेराकडे शिकला, पाव भाजून झाल्यावर भट्टीसमोर बसून. त्यामुळे त्याची बोटं पुस्तकातल्यासारखी पडायची नाहीत. त्याची तऱ्हाच वेगळी.

भावाची मुलगी शाळेत संगीत शिकवते. मला बाप्पा म्हणते. ही गाणी कागदावर यावीत हे तिच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. दर रविवारी ती लॅपटॉप घेऊन यायची. त्यात सूर लिहिण्याचा प्रोग्रॅम. मी गायचं, तिने फोनवर टेप करायचं, मग ऐकून ऐकून रेघांवर सूर मांडायचे. शब्दांच्या डोक्यावर गिटारची चौकट: सहा उभ्या रेघा म्हणजे तारा, आडव्या म्हणजे दांडीवरच्या पट्ट्या, बोट जिथे तिथे काळा ठिपका. कॉर्डचं नाव टाईप केलं की तयार चौकट आपोआप यायची.

"ही नको," मी म्हटलं. "ही दुकानातली. तुझ्या बापाची बोटं घाल."

"मग ठिपको खंय घालू बाप्पा? माका काय म्हायत?"

वाट मीच काढली. बाही वर केली आणि तिला म्हटलं, मनगटापासून कोपरापर्यंत बॉलपेनने सहा रेघा ओढ. आडव्या पट्ट्याही काढ. तो हात भावासमोर धरला. "ही समज गिटार. दाब."

त्याने बराच वेळ बघितलं. मग उजव्या हाताची बोटं माझ्या कातडीवर ठेवली आणि दाबली. एक इथे, दोन तिथे. मुलीने तसे ठिपके घातले, प्रोग्रॅमने कॉर्ड वाजवून दाखवली, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा भावाच्या तोंडाची उजवी बाजू हलली. भावजय चहा घेऊन दारातच थांबली. आत आलीच नाही.

दुसरा झटका कधीही येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या बोटांच्या जागा जगात आणखी कोणालाच ठाऊक नव्हत्या. एका रविवारी दोन गाणी व्हायची. दहा झाली.

अकरावं गाणं चोपड्याच्या नदीकाठाचं, आमच्या आईच्या माहेरचं. त्यात एक ओळ तीनदा येते. पहिल्या दोन खेपेला भावाने एकच कॉर्ड दाबली. तिसऱ्या खेपेला बोटं दुसरीकडेच ठेवली.

"नाही रे," मी म्हटलं. "ओळ तीच, कॉर्ड तीच."

त्याने मान हलवली आणि पुन्हा तिथेच दाबलं. जोरात. नखं रुतली.

"गाणं माझं आहे. तू मला शिकवतोस? मेंदूबरोबर बोटांचीही अक्कल गेली की काय?"

हे मी त्याच्या बायकोसमोर बोललो, मुलीसमोर बोललो. त्याने हात काढून घेतला. मी मुलीला म्हटलं, "घाल तिथे तयार चौकट." तिने घातली.

पुढच्या रविवारी मी हात पुढे केला तर तो उजव्या कुशीवर वळला, हात अंगाखाली घेऊन. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. तीन गाणी राहिली होती. "रुसू दे," मी म्हटलं. "दुकानातल्या घाल आणि संपव." माफी मागणं माझ्या जिभेला माहीतच नव्हतं. पेडण्याला एकदा तबलजी म्हणाला, सूर सुटला तुमचा. त्याला मी मंडपातून उठवून घरी पाठवला होता. त्यानंतर मला कोणी काही बोललं नाही.

सगळं लिहून झालं त्या रविवारी मुलगी राहायला थांबली. छापण्याआधी तिने अकरावं गाणं वाजवलं. तिसऱ्या खेपेला दातात खडा आल्यासारखा आवाज झाला.

"मशीन बिघडलंय."

"मशीन नाय, बाप्पा. हे बघा." तिने तिन्ही ओळी पडद्यावर एकाखाली एक आणल्या. पहिल्या दोन सारख्या. तिसरीत माझ्या गाण्यातला एक सूर वर चढलेला. "तुमी तिसऱ्या खेपेक वर जातास. दर वेळी. जुन्या कॅशेटींतपण तसाच आसा." मग तिने भावाने दाबलेली बोटं घातली आणि पुन्हा वाजवलं. खडा गेला.

"बाबानी तुमकां सांभाळून घेतल्यानी," ती हळूच म्हणाली. "कोणाक कळूक दिल्यानी नाय."

तीस-पस्तीस वर्षं. लोक टाळ्या वाजवायचे त्याच ओळीला. मी मान ताठ करून त्या घ्यायचो आणि माझ्या पाठीमागे हा बोटं सरकवून माझी चूक झाकायचा. मी तिला म्हटलं, लॅपटॉप बंद कर. तिने केलेला बदल न साठवताच मिटला. जेवलो नाही.

सकाळी भावजय त्याचं अंग पुसत होती. मी कदेल जवळ ओढून बसलो आणि तिच्यासमोरच बोललो. "माझं चुकलं. सूर मी सोडायचो. तुझी कॉर्ड बरोबर."

त्याने माझ्याकडे बघितलं. सगळं कळलं त्याला. मी हात पुढे केला. रेघाही ओढून आणल्या होत्या, माझ्या मीच, वाकड्या. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

"भावजी, आता कशाक?" भावजय म्हणाली आणि फडका पिळायला लागली.

मी बराच वेळ हात तसाच ठेवला. तिला चादर बदलायची होती, म्हणून उठलो. बाहेर मुलीने लॅपटॉप उघडला होता. तिच्याकडून दाखवून घेऊन अकराव्या गाण्यातले ठिपके मी माझ्या बोटाने घातले. मग शेवटच्या तीन गाण्यांवरच्या तयार चौकटी एकेक करून पुसल्या.

"बाप्पा, मगे थंय काय घालू?"

"काही नको," मी म्हटलं. "रिकामंच छाप."