कातळावरचा खड्डा

लहानपणी वडिलांबरोबर रत्नागिरीच्या थिएटरात एक रहस्यपट पाहिला होता. बायकोचा खून केलेल्या नवऱ्याला प्रेत लपवायला जागाच सापडत नव्हती, आणि आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो. आता त्याचीच मालिका काढलीय, तीही आमच्या गावी पावसला, आमच्या कातळावर. तिच्यातला नवरा फावड्याने दोन मिनिटांत पुरुषभर खड्डा खणतो. याच कातळात आंब्याचं एकेक कलम लावायला वडिलांना सुरुंग लावावा लागला होता. शूटिंगच्या वेळी मी हे दिग्दर्शकाला सांगितलं, तर तो निर्लज्जपणे म्हणाला, "काका, बघणाऱ्याला काय कळतंय."

पहिला भाग वडिलांनी माझ्याशेजारी बसून पाहिला. खड्डा खणून झाल्यावर त्यांनी विचारलं, "इतकं सोपं होतं, तर तेव्हा सिनेमातला तो नवरा घाबरला कशाला होता?"